रवळूअण्णांचा शेवटचा सदरा

माझी मालूमावशी शिवणात हुशार आणि व्यवहारात ठार वेडी. हे मी तिच्या तोंडावर सांगते आणि ती नुसती हसते, म्हणून तर माझं टाळकं सरकतं.

उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत तिचं एका मशीनचं शिवणाचं दुकान. तीस वर्षं कामगारांच्या खाकी पँटी आखूड करण्यात गेली, पण हौस मात्र नवरीच्या ब्लाऊजची. मी खडेबाजारात कपड्यांच्या मोठ्या दुकानात कामाला आहे. महिनाभर मालकीणबाईंच्या मागे लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, "शनिवारी पाचपर्यंत एक ब्लाऊज शिवून आणू दे. आवडला तर मुख्य कटरची जागा तिची." हाताखाली चार बायका! मावशी आनंदाच्या भरात त्या दिवशी जेवलीच नाही.

शनिवारी मी रजा काढून तिच्याकडे गेले. बाह्यांवरचं मणीकाम तेवढं राहिलं होतं, तीनेक तासांचं. आणि साडेबाराला पाळकसाहेबांचा निरोप आला, रवळूअण्णा गेले, चारला माती. अण्णा आमच्या चर्चचे, जन्मभर फाउंड्रीत राबलेले, सहा महिन्यांच्या आजारानं वाळून काडी झालेले. चर्चमधलं कुणी गेलं की त्याच्या अंगावरचे नवे पांढरे कपडे मावशीनंच शिवायचे, ही तिची रीत. तिला कुणी सांगितलेलं नाही.

"आज विकतचा सदरा घाला की त्यांना," मी म्हणाले.

"विकतचा त्यास्नी बसायचा न्हाय गं. लई वाळल्यात."

"आणि ही जागा? पुन्हा कोण देणार आहे तुला?"

ब्लाऊजवरून मावशीनं एकदा हात फिरवला. मला वाटलं, आली ताळ्यावर. पण तिनं तो घडी करून फळीवर ठेवला.

"माझा लई जीव हाय त्यात, खोटं कशाला सांगू? पर नवरीला दुसरं कुणीबी शिवंल. आन् ह्या कामात माझा जीव निवतो, सौम्या. त्या ब्लाऊजात नुसताच अडकतो."

मी मालकीणबाईंना फोन केला. "राहू दे मग," म्हणाल्या आणि ठेवला. मला रडू आलं, तिच्यासाठी आणि थोडं माझ्या गेलेल्या अब्रूसाठी. तशीच सदऱ्याची काजं करायला बसले.

तीनला सदरा झाला. मी इस्त्रीला उलटा केला, तर दोन्ही बाजूंच्या शिवणीत दोन-दोन बोटं कापड जादा! गिऱ्हाईक पुढे जाडं झालं तर उसवून सैल करता यावं म्हणून शिंपी ठेवतात तसं. मावशीचा हात सवयीनं चालला होता. मला रागातही हसू फुटलं.

"मावशी, अण्णा आता जाडे होणार आहेत व्हय?"

तिनं जीभ चावली. जादा कापड काढायला कात्री उचलली आणि परत खाली ठेवली.

"ऱ्हाऊ दे. प्रभू उठवंल त्या दिवशी अण्णा असंच काडी हून उठत्याल व्हय? अंग भरूनच उठत्याल. तवा घट्ट व्हाया नगं."

येत्या मंगळवारी गिऱ्हाईक यायचं असल्यासारखं सहज बोलली ती. एवढी खात्री मला पहिल्या तारखेच्या पगाराचीही नसते. मग मी ती जादाची शिवण नीट पसरवली आणि जपून इस्त्री केली.