उर्सिनाचा दोर

आमच्या गावात उर्सिना काडुफ कुणालाच आवडत नाही. एकतीस हिवाळे ती रोज सकाळी स्कीच्या उतारावरचा बर्फ तपासत आलीय. उताराच्या तोंडाशी आडवा बांधलेला दोर तिने सोडल्याशिवाय कुणी खाली जायचं नाही.

त्या रविवारी दहा वाजले तरी दोर बांधलेलाच. महागड्या हॉटेलांतले पाहुणे स्की पायात घालून ताटकळले होते. मी स्की-लिफ्टच्या वरच्या टोकाशी उभा राहून बघत होतो. शेवटी स्की केंद्राचा संचालक फ्लुरिन, म्हणजे तिचाच धाकटा भाऊ, तणतणत वर आला.

"ताई, लख्ख ऊन पडलंय. सोड तो दोर."

"बर्फाचा खालचा थर पोकळ वाजतोय. कधीही घसरेल."

"तुला दरवर्षी काहीतरी वाजतं."

पाहुणे हसले. उर्सिनाने गाठ सैल केली आणि दोराचं टोक त्याच्या हातात दिलं.

"घे. दोर सोडेल त्यानं पहिलं उतरायचं, ही बाबांपासूनची रीत आहे. जा."

फ्लुरिन उताराकडे बघत राहिला. आता कुणी हसत नव्हतं. त्याने गाठ पुन्हा आवळली आणि पाहुण्यांना कॉफी प्यायला घेऊन गेला.

उतारावरचा बर्फ त्या दिवशी कोसळला नाही. मग आठवडाभर गावाने उर्सिनाची टिंगल केली. टिंगल करणाऱ्यांपैकी एकानेही त्या सकाळी दोर ओलांडला नव्हता. मीसुद्धा.