नवऱ्याला मारत मारत खाली आणलं

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा मी नवऱ्याला एका डोंगरावर बेदम मारलं. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. त्या दिवशी माझा हात थांबला असता तर तो मेला असता, आणि हे मला मारतानाच कळत होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही जर्सी सिटीत राहायचो. नवरा आणि त्याच्या ऑफिसातला मित्र, दोघंही पुण्यात असताना रविवार आला की किल्ले चढणारे. त्यामुळे फेब्रुवारीतल्या लाँग वीकएंडला निवडलेला न्यू हॅम्पशरचा डोंगर त्यांना फार तर चुना लावलेला सिंहगड वाटत होता. अंगात जीन्स, डोक्याला माकडटोपी, सॅकमध्ये मी केलेल्या दशम्या. पार्किंगमध्ये एका म्हाताऱ्या बाईने आमच्या जीन्सकडे बघून मान हलवली, तर मित्र म्हणाला, "यार, या लोकांना सगळ्याचीच भीती वाटते."

आभाळ निळंभोर होतं, औषधालाही ढग नाही. वारा मात्र थोबाडीत मारावी तसा येत होता. ऊन बर्फावरून उसळून डोळ्यांत घुसायचं. वरच्या फांद्यांवरून बर्फाचे ढिगारे धाडकन खाली कोसळायचे, एक तर माझ्या खांद्यावरच आदळला. डोंगर आम्हाला सरळसरळ हाकलत होता आणि आम्ही कौतुकाने फोटो काढत होतो.

पुढे एका ओढ्याच्या वरच्या अंगाला गोठलेला उतार आडवा ओलांडायचा होता. नवरा म्हणाला, "हात धरा, साखळी करू." सह्याद्रीत निसरड्या जागी सगळे हेच करतात. एकाचा पाय सुटला तर बाकीचे मातीत टाचा रोवतात आणि तो वाचतो. इथे माती कुठून आणणार? मित्र घसरला, त्याने नवऱ्याला ओढलं, नवऱ्याने मला. कुणीच कुणाचा हात सोडला नाही, म्हणून तिघंही गेलो. माझं तोंड झाडावर आपटून ओठ फाटला. मित्र बर्फात रुतला. नवरा ओढ्यावरचा बर्फ फोडून छातीपर्यंत पाण्यात गेला.

आम्ही त्याला ओढून वाटेवर आणला. मित्राने आपलं कोरडं जॅकेट त्याला घातलं. तेव्हा खिशात फोन नसायचे, त्यामुळे कुणीतरी खाली जाणं भाग होतं. "वहिनी, काही झालं तरी त्याला बसू देऊ नका," असं ओरडून मित्र पळत सुटला.

थोड्या वेळात नवऱ्याची जीन्स पत्र्यासारखी कडक झाली. तो आधी कुडकुडत होता, मग कुडकुडायचाही थांबला आणि वाटेतच बसला. "अहो, उठा," मी म्हणाले. "उठा ना." तो शांतपणे म्हणाला, "झोपू दे गं पाच मिनिटं." आणि जॅकेटची चेन उघडायला लागला. म्हणे उकडतंय! गारठून मरणाऱ्याला शेवटी असंच उकडतं, हे कुठेतरी वाचलेलं मला आठवलं. मी त्याच्या कानाखाली आवाज काढला.

तो उठला. चार पावलं चालला, पुन्हा बसला. मी नडगीवर लाथ घातली. त्याने कोपर मारलं, ते माझ्या नाकावर बसलं, आणि पांढऱ्या बर्फावर माझं रक्त टपटपायला लागलं. मला इतका राग आला की थंडी कळेना. त्या हौशी साखळीचा राग, या देशाचा राग, हा माणूस मला इथे एकटी टाकून मरणार याचा राग. "ऊठ रे नालायका! मरायला आणलंस का मला इथे? ऊठ!" आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला अरे-तुरे करत होते. कॉलर धरून उठवला, ढकलला, पाडला, पुन्हा उठवला. तो तोंडातल्या तोंडात काहीबाही बरळत होता, त्यातला एक शब्द लागत नव्हता.

शेवटी तो आडवा झाला तो हलेचना. मी त्याच्या छातीवर बसले आणि दोन्ही हातांनी थोबाडायला लागले. डोळे मिटायला लागले की अजून जोरात.

तेवढ्यात वरून उतरणारे दोन धिप्पाड गोरे आले. त्यांना दिसलं ते एवढंच, की तोंड रक्ताने माखलेली एक बाई पडलेल्या माणसाला मारते आहे. एकाने मला मागून कवेत धरून उचललं. मी लाथा झाडल्या, त्याच्या हाताला चावले, मराठीत शिव्या दिल्या. इंग्रजी एक शब्द आठवेना.

तेव्हा माझ्या पायांखालून आवाज आला. जड, पण शब्द न् शब्द कळेल असा. "लीव्ह हर. शी इज माय वाइफ."

त्या परक्या माणसाच्या हातात लोंबकळत मी भोकाड पसरलं.