सुभाषभावजींचं नाव

माझ्याकडे सगळ्याच्या याद्या असतात. वाणसामानाच्या, औषधांच्या, कोणाच्या लग्नात काय आहेर केला त्याच्या. ही गोष्ट मात्र मी कुठल्याच कागदावर उतरवली नाही. सख्ख्या बहिणींनाही माहीत नाही. तुम्हालाच सांगते आहे.

आमचे हे चाकणला एका कंपनीत आहेत. देवभोळे, अबोल. मी अगदी उलट. रहाटणीच्या आमच्या घरात सगळं घड्याळावर चालतं — आणि यांची आरती काही संपता संपायची नाही. रागच यायचा मला.

सहा वर्षांपूर्वी कासारवाडीला सुभाषभावजींकडे वास्तुशांत होती. भावजी म्हणजे यांचे कंपनीतले मित्र, कंपनीच्या बसमध्ये रोज यांची जागा धरणारे. आरतीत यांनी डोळे मिटले. बाकीचे थांबले, प्रसादाकडे वळले — हे एकटेच गात राहिले. बेसूर, गालांवर पाणी. मी मोबाइल काढला. का? हसू आलं म्हणून. इतकंच. व्हिडिओ बहिणींच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं — ‘महाराजांचे ब्रेक फेल’.

तिथून कोणीतरी पुढे पाठवला. चार दिवसांत तो यांच्या कंपनीच्या ग्रुपवर. बसमध्ये पोरं ओरडायला लागली, “महाराज, डोळे उघडा, स्टॉप आला!”

हे घरी आले. चहा तसाच राहिला. म्हणाले, “तू तिथंच होतीस. कोणी काढला गं?”

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? चार दिवस बोलले नसते — एवढंच ना?

मी म्हणाले, “सुभाषभावजींच्या हातात मोबाइल दिसला होता.”

भाजीचा भाव सांगावा, तशा आवाजात.

भावजी देवाची शपथ घेत राहिले. यांनी ऐकलं नाही. बसमध्ये जागा बदलली. घरची आरतीही सोडली. आता दिवा मीच लावते, पाच मिनिटांत होतं. आम्ही भांडत नाही. लग्नाच्या वाढदिवसाला मी आमचा फोटो स्टेटसला ठेवते, लोक ‘आदर्श जोडी’ लिहितात. आहोत का आम्ही सुखी? मला काही वाटतच नाही — ना बरं, ना वाईट.

गेल्या महिन्यात भावजी दारात आले, मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. हे आंघोळीला गेले होते. माझ्या हातावर अक्षता ठेवताना भावजी हळूच म्हणाले, “वहिनी, त्या दिवशी मी तुमच्या मागंच उभा होतो.” पत्रिका पुढे केली. “त्याला घेऊन या लग्नाला. माझं ऐकायचा नाही तो.”

म्हणजे सहा वर्षं या माणसाला माहीत होतं. आणि यांच्यापाशी तो एकदाही बोलला नाही.

भावजी जिना उतरले. यांनी आतून विचारलं, “कोण आलं होतं?”

मी म्हणाले, “कुरिअरवाला.”

पत्रिका माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली. लग्न रविवारी झालं. आम्ही दोघं घरीच होतो.