लिफ्टने उतरणारा गिर्यारोहक

कतारमध्ये डोंगर नाही. टेकाड म्हणावं असंही काही नाही. तरी माझ्या नवऱ्याच्या अंगात एकदम गिर्यारोहक संचारला.

तो आणि ऑफिसातले आणखी तीन इंजिनियर, सगळे पन्नाशीचे, सगळ्यांची पोटं सुटलेली. ठरलं काय, तर पाठीवर सॅक टाकून चीनची जुनी शहरं पाहायची आणि शेवटी ह्वाशान नावाचा तिथला पवित्र डोंगर चढायचा. सराव कुठे? तर दोह्याजवळच्या लुसैलमधल्या त्यांच्या ऑफिसच्या टॉवरमध्ये. ऑफिस सुटलं की एसी जिन्याने तीस मजले चढायचे, घामाघूम फोटो ग्रुपवर टाकायचा आणि लिफ्टने खाली यायचं. पुन्हा चढायचं, पुन्हा लिफ्ट. मी एकदा विचारलं, "अरे, उतरायचा सराव कोण करणार?"

"अगं, उतरायला काय लागतं? ग्रॅव्हिटी आहे ना!"

कप्पाळ! चार इंजिनियर आणि अक्कल ही एवढी.

मलाही सरावाला न्या म्हटलं तर टॉवरला ॲक्सेस कार्ड लागतं म्हणे. "तू केबल कारने ये ना. आपण वर भेटू." हे माझ्या फार जिव्हारी लागलं. नाशिकची नोकरी सोडून एकोणीस वर्षं मी या माणसाच्या व्हिसावर दोह्यात राहतेय. जाईन तिथे मी याची मिसेस. तो डोंगर मला माझ्या पायांनी, पार माथ्यापर्यंत चढायचा होता. दुसरं काही नको होतं. मग मी आमच्या बिल्डिंगचा पाच मजल्यांचा जिना धरला. त्याला एसी नाही. वर जायचं, खाली यायचं, परत वर. वॉचमन रोज काळजीने विचारायचा, "मॅडम, लिफ्ट खराब है क्या?"

ईदची सुट्टी जवळ आली तसे बाकीचे तिघे गळाले. एकाला प्लांटचं शटडाउन, एकाची कंबर, एकाची सासू. उरलो आम्ही दोघं.

बॅकपॅकिंग म्हणे! सॅकमध्ये इलेक्ट्रिक किटली, उपम्याची वीस पाकिटं, इस्त्री केलेले शर्ट. पहिलं शहर शीआन, तिथल्या हॉस्टेलमध्ये याने रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं, रूम सर्व्हिस किती वाजेपर्यंत असते. शहराच्या जुन्या तटबंदीवर सायकल फिरवताना साहेब विटांचे सांधे तपासत होते. "आपल्या साइटवर हे पास झालं नसतं." शेकडो वर्षं उभी आहे ती भिंत! ल्वोयांगला डोंगरात कोरलेले एवढाले बुद्ध समोर, आणि हा मोबाइलवर इंडियन रेस्टॉरंट शोधतोय. मी एकटीच त्या बुद्धांपुढे उभी राहिले. खरं सांगायचं तर तो नसल्यामुळे बरंच वाटलं.

ह्वाशानला पायथ्यापासून चढलो. चढताना गडी खरंच बरा होता. मला मागे टाकून पुढे जायचा, वळून दोह्याच्या अरबीत घाई करायचा, "यल्ला, यल्ला!" दगडी पायऱ्या, बाजूला लोखंडी साखळ्या, साखळ्यांना लाल फिती. आजीबाई काठी टेकत शांतपणे चाललेल्या, आणि आमचा हा घड्याळात हृदयाचे ठोके बघतोय.

दुपारी पश्चिम शिखरावर पोचलो. तिथून सर्वांत उंच दक्षिण शिखर समोर दिसतं, पण मध्ये आधी बरंच उतरावं लागतं. शेपन्नास पायऱ्या उतरला असेल आणि त्याच्या मांड्या लटलटायला लागल्या. साखळी धरून खालीच बसला. चेहरा पांढराफटक.

"खलास. मला नाही उतरता येत."

"मग?"

"मागे फिरू. वर चढून जाता येईल मला. पश्चिम शिखरावर केबल कार आहे."

"तू जा. मी जाऊन येते."

"एकटी? वेडी आहेस का? भाषा येत नाही, काही नाही. चल, मुकाट्याने चल."

मुकाट्याने! एकोणीस वर्षांचं सगळं ओठांवर आलं. पण बोलले एवढंच, "पाणी तुझ्याकडे राहू दे, मला एक बाटली बस झाली." आणि उतरायला लागले. वर चढेपर्यंत एकदाही मागे पाहिलं नाही.

माथ्यावर गर्दी होती, सगळीकडे ढग होते. मी एका खडकावर टेकले. शेजारच्या म्हातारीने तिची अर्धी काकडी मोडून माझ्या हातात दिली. ती खात असतानाच ढग फाटले. एकापाठोपाठ एक पांढरे कडे उघडे पडत गेले, आणि खाली कुठेतरी खोल नदी चमकली. मी मोठ्याने रडले. लाजबीज काही वाटली नाही. म्हातारी पाठीवर थोपटत राहिली.

पश्चिम शिखरावर परत आले तेव्हा तो बाकावर नूडल्सचा कप धरून बसला होता. एक घासही खाल्लेला नव्हता. मला बघून अर्धवट उठला.

"काय होतं गं वर?"

इतक्या वर्षांत त्याने मला असं कधी काही विचारलं नव्हतं. डोळे माझ्याकडेच लागलेले. खरंच ऐकायचं होतं त्याला.

"काही नाही," मी म्हटलं. "गर्दी आणि ढग. काहीसुद्धा दिसलं नाही."

त्याचा जीव भांड्यात पडला. "वाटलंच मला!" म्हणाला आणि नूडल्स खायला लागला.

आता घरी कुणी आलं की तो ऐटीत सांगतो, ह्वाशान केला, पण त्या माथ्यावर बघण्यासारखं काही नाही हं. मी चहाचे कप पुढे करते. पाहुण्यांपैकी एखादी माझ्याकडे बघते, मी मान डोलावते. मी त्याचं मन राखलं असं कुणाला वाटेल. छे! मला वर जे दिसलं, ते त्याला द्यायचंच नव्हतं.