नंदू आगाशे ल्यूज समजावून सांगतात

एखादा विषय वॉटफर्डच्या नंदू आगाशेंना माहीत नसला, तर ते आवाज चढवून बोलत, की झाला माहीत. बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या माणसाला ते बॉयलर समजावत. डेंटिस्टच्या खुर्चीत, तोंड उघडं असतानाही, हाताने दातांविषयी मत देत. पुण्याहून एका बँकेच्या आयटीत आले, तिथेच मॅनेजर झाले, आणि मीटिंगमधलं शेवटचं वाक्य आपलंच असायला हवं ही सवय त्यांनी घरी आणली.

अशा माणसाच्या मुलीने ल्यूज निवडलं. एवढ्याशा घसरगाडीवर उताणं झोपायचं, पाय पुढे करायचे आणि बर्फाच्या वळणावळणाच्या घळीतून मोटारीपेक्षा जोरात खाली यायचं, असा हा खेळ.

"अगं, या देशात त्याचा ट्रॅकसुद्धा नाहीये!" नंदू म्हणाले.

हे मात्र खरं होतं. ईशिता चाकांच्या स्लेजवर डांबरी उतारांवरून शिकली आणि हिवाळ्यात परक्यांच्या देशात जाऊन बर्फावर आपटली. नंदू लोकांना सांगत, "स्कीइंग करते." कारण मराठी मंडळात एकदाच त्यांनी खेळाचं खरं नाव घेतलं होतं, तेव्हा अनुप जोग काळजीने म्हणाला होता, "लूज? पोट बिघडलंय का तिचं?"

मग ईशिताची ब्रिटनच्या टीममध्ये निवड झाली, लॅटव्हियातल्या मोठ्या स्पर्धेच्या मिक्स्ड रिलेसाठी, आणि नंदूंचं मतपरिवर्तन एका दुपारात झालं. "मी पहिल्यापासून म्हणत होतो," ते फोनवर सांगू लागले. त्यांची बायको मनीषा शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. पहिल्यापासून ते काय म्हणत होते हे तिला तोंडपाठ होतं.

शनिवारी कम्युनिटी हॉल घेतला, मोठा पडदा लावला, बटाटेवडे आले. रेसनंतर ईशिता व्हिडिओ कॉलवर सगळ्यांशी बोलेल असं नंदूंनी परस्पर जाहीर केलं. मग माइक घेतला.

"रिले म्हणजे काय? एकामागून एक, मुली, मुलं, सगळे खाली येतात. आपली ईशिता पहिली. ती खाली पोचली की वर दुसऱ्याचं गेट उघडतं."

"आपोआप?" अनुपने विचारलं.

"आपोआप. सेन्सर असतो."

सेन्सर नव्हता. शेवटच्या रेषेवर डोक्याच्या वर एक पॅड लटकलेलं असतं. खेळाडूने धावत्या स्लेजवर उठून बसत त्याच्यावर थाप मारायची, तरच वरचं गेट उघडतं. थाप चुकली तर सगळी टीम बाद. ईशिताने हे घरी जेवताना सांगितलं होतं. त्या वेळी नंदू तिला हेल्मेटविषयी समजावत होते.

पडद्यावर ईशिता आली. वळणं अशी घेतली, की मनीषाच्या हातातला चहा सांडला. रेषेपाशी ती उठली, हात वर गेला, पॅडच्या खालून निघून गेला आणि ती पुढे सरकली.

"आली! पडली नाही!" नंदू ओरडले. हॉल उभा राहिला. शिट्ट्या झाल्या. डोंगरावर तिचा जोडीदार बंद गेटमागे बसून होता. तो पडद्यावर बराच वेळ दिसला, पण त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. टीमच्या नावापुढे डीएनएफ अशी अक्षरं उमटली.

"हे काय?" अनुप म्हणाला.

"डिड नॉट फॉल," नंदूंनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं. "न पडता आली. त्याचा वेगळा उल्लेख करतात."

पुन्हा टाळ्या पडल्या. पेढे फिरले. मनीषाला कॉमेंटेटरचं इंग्रजी नीट ऐकू येत होतं. तिने पेढा बशीत ठेवला.

तेवढ्यात कॉल आला. नंदूंनी तो थेट पडद्यावर घेतला. ईशिताचं नाक लाल होतं आणि डोळे त्याहून लाल.

"काँग्रॅच्युलेशन्स!" अख्खा हॉल ओरडला.

"बाबा, हे काय? कोणी आहे तिकडे?" ती गोंधळली. "बाबा, मी पॅड मिस केला. फिनिशच नाही केलं आपण. माझा चूक आहे. बाकीचे तर खाली आलेच नाही..."

नंदूंनी कॉल कापला.

"नेटवर्क," ते माइकवर म्हणाले.

वडा चावल्याचा आवाजसुद्धा ऐकू आला असता, पण कोणी चावत नव्हतं. मनीषाने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला, कार पार्कमध्ये गेली आणि पावसात उभी राहून मुलीला परत फोन लावला. काचेतून नंदूंना तिची पाठ दिसत होती. आपणही जावं असं त्यांना वाटलं. तसं वाटलं हे खरं. पण एवढ्यात कोणीतरी पॅडच्या उंचीविषयी विचारलं आणि त्यांना उत्तर देणं भाग पडलं.

ईशिता घरी आली तेव्हा हॉलमधला प्रसंग कोणी काढला नाही. तिने फक्त एकदा म्हटलं, "बाबा, पुढच्या वेळी तू तिकडे ये. प्रत्यक्ष बघ."

पुढच्या हिवाळ्यात नंदू खरंच जर्मनीला गेले. तीन स्वेटर, वर कोट, त्यावर मनीषाचा मफलर. बरोबर आलेल्या मनीषाने त्यांना शेवटच्या रेषेजवळ, कठड्याला खेटून उभं केलं आणि बजावलं, "नंदू, हलू नकोस."

ते हलले नाहीत. शेजारी एक उंच जर्मन म्हातारा उभा होता. त्याच्या टोपीवर जुन्या शर्यतींचे बिल्ले होते. नंदूंनी त्याच्याकडे वळून, ट्रॅककडे पाठ करून, इंग्रजीत सुरुवात केली, "यू सी, द पॅड इज द होल थिंग..."

मागे थाड्कन आवाज झाला. म्हाताऱ्याने टोपी काढून हवेत फिरवली. नंदू वळले तेव्हा समोर नुसती बर्फाची भुकटी उडत होती, आणि दूर थांबलेल्या स्लेजवरून एक मुलगी उठून त्यांच्याच दिशेने हात हलवत होती.

टीम आठवी आली. वॉटफर्डला परतल्यावर ती थाप कशी बसली, कोपर किती वाकलं होतं, चेहऱ्यावर काय भाव होता, हे सगळं नंदूंनी मंडळात तपशीलवार सांगितलं. मनीषा ऐकत होती. शेजारी बसलेल्या ईशिताने तिला विचारलं, "बाबाने बघितलं ना?"

"हो तर," मनीषा म्हणाली, आणि नवऱ्याकडे असं काही पाहिलं, की पहिल्यांदाच नंदूंचं वाक्य अर्धवट राहिलं.