फुलोऱ्याखाली अणुधोरण

समस्त नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, जगाच्या अणुऊर्जा धोरणासंबंधीची एक महत्त्वाची बैठक यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात, माझ्या घराच्या समोरच्या खोलीत, आंबिलीच्या गंजापासून, म्हणजे मोठ्या पातेल्यापासून, हातभर अंतरावर पार पडली. बैठकीला परदेशातले तीन विद्वान, माझी भाची, दोन महालक्ष्म्या आणि कोपऱ्यावरच्या काकू उपस्थित होत्या. द्वारपाल मी होतो. माझ्या कामगिरीबद्दल पुढे येईलच.

भाची दिग्रसची. भौतिकशास्त्र शिकली आणि तिला एक अजब नाद लागला. अणुभट्टी बांधतो एखादा देश, पण ती कितपत सुरक्षित असावी, तिचं इंधन कोण विकणार, कर्ज कोणत्या अटींवर मिळणार, यातलं बरंचसं अनेक देश मिळून बसतात त्या टेबलांवर ठरतं, असं ती सांगायची. तिला त्या टेबलापाशी बसायचं होतं. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, आपल्या जिल्ह्यात अणुभट्टी नाही, आहे ती वीजही मनाला येईल तेव्हा जाते, मग तुला हा उपद्व्याप काहून?

"मामा, जाते म्हणूनच," ती म्हणाली.

अशाच एका जागतिक संस्थेत तरुण लोकांना प्रशिक्षणासाठी घेणार होते. आधी एका ठिकाणी तिची मुलाखत झाली होती, आणि तिथे ती चक्क मुकी झाली होती. एरवी पोपटासारखी बोलणारी पोरगी, समोर परीक्षक दिसले की दगड. म्हणून तिनं जाहीर केलं होतं की ही मुलाखत शेवटची. हिच्यातही तोंड उघडलं नाही तर दिग्रसला शिकवणी वर्ग घ्यायचे आणि अणू हा शब्द पुन्हा काढायचा नाही. तिची जिद्द मला माहीत होती, म्हणून मी घाबरलो. ही मुलगी जे बोलते ते करते.

दिग्रसच्या घरी इंटरनेट रुसलेलं, म्हणून ती आमच्याकडे आली. आणि मुलाखत ठरली ती ऐन महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी. तिकडे पुण्यामुंबईला गौरी म्हणतात. आमच्या विदर्भात महालक्ष्म्या. सोळा भाज्या, पुरण, आंबील, कढी, आणि देवींच्या डोक्यावर टांगलेला करंज्या-पापड्यांचा फुलोरा. इंटरनेट नीट चालायचं ते फक्त समोरच्या खोलीत, आणि महालक्ष्म्याही तिथेच. तेव्हा भाचीनं त्यांच्याकडे पाठ करून, फुलोऱ्याच्या कडेला लॅपटॉप मांडला. परदेशी परीक्षकांना तिच्या दोन्ही खांद्यांवरून दागिन्यांनी मढलेल्या दोन बाया टक लावून बघताना दिसणार होत्या. मला ते नेपथ्य फार आवडलं.

भाचीची एकच अट होती, मामानं दाराला कडी लावायची. मी लावली. पुरणाचे हात घेऊन बायको बाहेर आली, कोपरानं कडी काढली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आजच्या दिवशी दाराले कडी लावते का कोनी?"

ती चुकत नव्हती. त्या दिवशी आमच्याकडे दार उघडं असतं. दर्शनाला येईल त्याला आत घ्यायचं, ओळख असो नसो. आणि येणाऱ्या बाया नुसतं दर्शन घेत नाहीत. पातळाच्या निऱ्या, मुखवट्याचा तोल, भाज्यांची गणती, सगळं डोळ्यांखालून घालतात. या खात्याच्या सर्वोच्च अधिकारी म्हणजे कोपऱ्यावरच्या काकू. त्यांना कोणी नेमलेलं नाही. त्या दंड करत नाहीत, रागावतही नाहीत. फक्त बघतात, एखादं वाक्य टाकतात आणि पुढच्या घरी जातात. पण त्या येणार म्हणून माझी बायको पहाटेपासून स्वयंपाकघरात होती.

तडजोड म्हणून मला उंबरठ्यावर उभं करण्यात आलं. कोणी आलं तर बोलण्यात गुंतवायचं. तरुणपणी मी राज्य नाट्यस्पर्धेत पहारेकरी केलेला आहे. भूमिका परिचयाची होती.

मुलाखत सुरू झाली. पडद्यावर एक पांढऱ्या केसांच्या बाई, एक चष्मेवाले, आणि एक असे गृहस्थ, ज्यांचं फक्त कपाळ दिसत होतं. सुरुवात छान झाली. मग चष्मेवाल्यांनी विचारलं, की अशा संस्थेजवळ ना पोलिस, ना तुरुंग; तिचे सुरक्षेचे बरेचसे नियम तर नुसते शिफारशीवजा. मग एखादा स्वतंत्र देश आपलं धोरण तिच्या सांगण्यावरून का बदलेल?

भाचीनं करारांची पाठ केलेली नावं म्हणायला घेतली. दुसऱ्या वाक्यात अडखळली. तिसरं आलंच नाही. मला तिची मान दिसत होती, ती ताठ झाली. आतून कढीला फोडणी बसल्याचा आवाज आला, तेवढाच.

आणि नेमक्या तेव्हा काकू आल्या.

मी दोन्ही हात पसरले, पाऊस कसा, सोयाबीन कसं, गुडघा कसा, सगळं एका दमात विचारलं. काकूंनी माझ्या काखेखालून बघितलं, मला पडद्यासारखं बाजूला सारलं आणि थेट देवींसमोर गेल्या. म्हणजे कॅमेऱ्यासमोर. हात जोडले, वाकून महालक्ष्म्यांच्या पाठीमागे डोकावल्या, दिव्यांची माळ कुठून नेली ते पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. संपलं, मी मनात म्हटलं. आता दिग्रस, शिकवणी वर्ग.

पांढऱ्या केसांच्या बाईंनी हसून विचारलं, या कोण?

भाचीनं मागे वळून काकूंकडे पाहिलं. मग बोलू लागली, आणि अशी बोलू लागली की मी उंबरठा सोडून आत आलो.

इंग्रजीत सांगितलं तिनं, पण मला सगळं कळलं, कारण गोष्ट आमच्याच गल्लीची होती. या निरीक्षक आहेत, ती म्हणाली. यांना काही अधिकार नाही. मागच्या वर्षी एका घरात दिव्यांच्या माळेनं देवीचं पातळ करपलं. यांनी ते पाहिलं, झाकू दिलं नाही, घरोघरी सांगितलं. यंदा गल्लीत कोणीही कापडामागून वायर नेलेली नाही. हुकूम कोणी काढला नव्हता. आपल्या घरी बघायला येणार हे माहीत होतं, आणि दुसऱ्याकडे काय झालं तेही. अणुभट्ट्यांच्या बाबतीत मला हेच काम करायचं आहे. देश स्वतःहून पाहणीला बोलावतात, आपल्या चुका सांगतात, दुसऱ्याच्या ऐकतात, आणि घरी जाऊन आपले नियम बदलतात.

चष्मेवाले सहजासहजी सोडणाऱ्यांतले नव्हते. ज्या घराचं दार बंदच असेल तिथे या बाई काय करतात, त्यांनी विचारलं.

"काही करता येत नाही," भाची म्हणाली. "पण दार बंद आहे, हे सगळ्या गल्लीला कळतं. आणि आमच्या देशानंही पाहणीसाठी काही खोल्या उघड्या ठेवल्यात, काहींना अजून कुलूप आहे. त्याबद्दलही बोलायला मला आवडेल."

कपाळवाल्या गृहस्थांनी पहिल्यांदाच मान वर करून पूर्ण चेहरा दाखवला. मग बराच वेळ प्रश्नोत्तरं झाली आणि ती एकदाही अडली नाही.

निकाल आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुमचं शेवटाकडे लक्ष लागणार नाही: तिची निवड झाली. सध्या ती परदेशात त्याच टेबलाच्या एका कोपऱ्यात बसते, आणि इकडे कपाशीचा भाव काय, असं फोनवर विचारते. पण त्या दुपारी हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तिघांनी आभार मानले, पांढऱ्या केसांच्या बाईंनी काकूंकडे पाहून हात जोडले. आता बैठक संपवतो, असं म्हणून त्या बटण दाबणार, तेवढ्यात काकू लॅपटॉपवर ओणवल्या आणि भाचीला म्हणाल्या, "पाह्याले आले अन् जेवल्याबिगर चालले? बसव त्याईले, पानं वाढून राह्यली तुही मामी."