तिथंही धाकटीचीच वर्णी

धाकटीचा हेवा वाटायला थोरलीला फार मोठं कारण लागत नसे. दोघी बहिणींचं लाँड्रीचं दुकान होतं. थोरली आत वाफेच्या इस्त्रीपाशी घाम गाळायची, धाकटी पुढे काउंटरवर गिऱ्हाइकांशी हसून बोलायची. आणि जाता जाता गिऱ्हाईक धाकटीलाच म्हणायचं, "काय सुंदर इस्त्री करता हो तुम्ही!" आत थोरलीचा जळफळाट व्हायचा.

साठीला टेकल्यावर थोरलीला शौचातून रक्त जाऊ लागलं. तपासणीत मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. "सख्ख्या बहिणीनंही तपासून घ्यावं," सर्जनबाई म्हणाल्या. धाकटी टाळाटाळ करत होती. थोरलीनंच तिला हाताला धरून नेलं. तर तिच्याही आतड्यात गाठ, जवळपास तेवढीच. दोघींची ऑपरेशनं पाठोपाठ झाली. खरं सांगायचं तर त्या दिवसांत थोरलीला आतून कुठेतरी बरं वाटत होतं. जन्मात पहिल्यांदा दोघींच्या वाट्याला सारखं आलं होतं.

रिपोर्ट आले तेव्हा सर्जनबाईंनी दोघींना समोर बसवलं.

"गाठी बाहेर कुठे पसरलेल्या नाहीत," त्या थोरलीला म्हणाल्या. "पण सूक्ष्मदर्शकाखाली फरक दिसतो. आजाराशी लढणाऱ्या पेशी तुमच्या बहिणीच्या गाठीत ठासून भरल्यात. असं असलं की आजार परतायची शक्यता कमी असते. त्यांच्यावर नुसती नजर ठेवू. तुमच्या गाठीत त्या पेशी फार थोड्या आहेत. तुम्ही केमो घ्यावी, असं मला वाटतं."

"म्हणजे तिथंही हिचीच वर्णी!" थोरली फटकन बोलली.

"हा अंदाज आहे हो. कमी पेशीवालेही ठणठणीत राहतात."

थोरलीच्या कानात ते शिरलंच नाही. संध्याकाळी धाकटी डबा घेऊन आली, तर तिनं दार अर्धंच उघडलं.

"ताई, माझ्या हातात असतं ना, तर निम्म्या पेशी तुला दिल्या असत्या."

"तेच तर! तुझ्या हातात कधीच काही नसतं, तरी सगळं तुझ्याच पदरात पडतं."

धाकटीचा चेहरा उतरला. डबा उंबऱ्यावर ठेवून ती निघून गेली.

केमोनं थोरलीची बोटं बधिर झाली, इस्त्रीचा चटकाही कळेना. मग नाइलाजानं धाकटी आत गेली आणि थोरली काउंटरवर बसली. धाकटीच्या इस्त्रीनं बाह्यांवर दुहेरी घड्या पडू लागल्या. "पूर्वीची सर नाही राहिली," एका गिऱ्हाइकानं तोंड वाकडं केलं. त्या दुपारी थोरलीला दोन घास जास्त गेले. पण शर्ट परत येतच राहिले, तेव्हा ती खुर्ची ओढून आत जाऊन बसली.

"कॉलर आधी, उलट्या बाजूनं. अगं, दाबू नकोस, फिरव नुसती."

"इतक्या वर्षांत हे मला कधी शिकवलं नाहीस?"

"ही एवढी एकच गोष्ट माझी होती."

धाकटीनं कॉलर उलटी करून पुन्हा इस्त्री धरली.

काही वर्षांनी दोघींचे स्कॅन एकाच सकाळी झाले. "दोघींचेही स्वच्छ!" सर्जनबाई म्हणाल्या. धाकटीनं थोरलीचा हात घट्ट धरला. थोरलीनंही तो सोडवून घेतला नाही.

"पण बाई," तिनं विचारलं, "जास्त स्वच्छ कुणाचा?"

सर्जनबाई हसू लागल्या. थोरली मात्र उत्तराची वाट बघत बसली.